सरांनी दिलेला आराम

"दमलीस का?" असं कोणी विचारलं की उत्तर देण्याआधी मी अजूनही आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघते. ऐकून काही बिघडवतील अशी माणसं आता उरलेली नाहीत, तरी सवय जात नाही. ही सवय मला दहावीत लागली, शाळेच्या मैदानावर, आणि ती लावली एका चांगल्या माणसाने, चांगल्या हेतूने. म्हणून तर तिचा राग नेमका कुणावर काढायचा हे मला कधी ठरवता आलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर, आतल्या बाजूला. घरं खाली, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेने, आणि शाळा वर सड्यावर. सडा म्हणजे सगळा जांभा कातळ. त्यावर कुठेकुठे माती धरून राहिलेली, आणि जिथे ती जरा जास्त होती तिथे आमचं मैदान. तिथे आम्ही अनवाणी धावायचो. मी आठशे मीटर, दादा पंधराशे. दादा माझ्याहून वर्षाने मोठा, पण सातवीत असताना त्याला टायफॉइड झाला, वर्ष बुडालं आणि तो माझ्या वर्गात येऊन बसला. वडील मुंबईला एका छापखान्यात होते. ते गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, आणि या दोन वाऱ्यांत त्यांची रजा संपून जायची. भातकापणीला मुंबईहून कुणाचेच वडील येत नसत, त्यामुळे आमचे आले नाहीत याचं वेगळं वाईट वाटायचं कारण नव्हतं.

आमचे खेळाचे सर देशावरचे, कोल्हापूरकडचे. तरुण होते, लग्न व्हायचं होतं, गावातल्याच एका घरात खोली घेऊन राहायचे. त्या उन्हाळ्यात ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक नवीन पद्धत घेऊन आले. "पोरगं किती दमलंय ते नुसतं बघून कळत नाही," त्यांनी आम्हाला सांगितलं, "ज्याचं त्यालाच विचारायला पाहिजे." आज विचार केला तर वाटतं, आमच्या त्या गावात मुलीला असं काही विचारावं असं वाटलेला तो पहिलाच पुरुष असेल. पद्धत अशी होती की सराव संपला की मुलगे आणि मुली सगळ्यांनी मिळून गोल करून उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि आज किती कष्ट झाले ते हाताच्या बोटांनी दाखवायचं. एक बोट म्हणजे काहीच नाही, दहाही बोटं म्हणजे जीव गेला. सर मधोमध फिरून बघणार आणि त्यावरून उद्याचा सराव ठरवणार.

मुलगे तसे हुशार. आठ बोटं वर केली की दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या कमी होतात हे त्यांच्या आठवडाभरात लक्षात आलं. मग त्यांच्यातले निम्मे रोज मरायला टेकलेले. दादा त्यातला नव्हता. तो प्रामाणिकपणे सहा-सात दाखवायचा, आणि तो खरोखर तेवढाच दमलेला असायचा.

आम्हा मुलींचं गणित उलटं होतं. डोळे मिटायचे असले तरी कोण मिटतंय. त्या गोलात प्रत्येकीचा कोणी ना कोणी होता, सख्खा भाऊ, चुलतभाऊ, नाहीतर शेजारचा. मुलीने सात बोटं वर केली तर ती बातमी तिच्या आधी घरी पोचणार. एकदा, अगदी सुरुवातीला, मी घरी चुलीपुढे बसताना नुसतं म्हणून गेले की आज पाय दुखतायत. आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "पाय दुखतात तर धावतंस कशाला? उद्यापासनं नको जाव." ती रागावली नव्हती, उलट माझ्या सोयीचंच बोलत होती, आणि तिच्या त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. त्यानंतर माझे पाय दुखायचे बंद झाले.

तर आम्ही मुली दोन बोटं दाखवायचो. कधी तीन. सर आमच्यासमोर उभे राहायचे आणि त्यांना अभिमान वाटायचा. "बघा रे," ते मुलग्यांना म्हणायचे, "एवढं पळून पोरींची दोन बोटं. पोरी चिवट असतात." आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फेऱ्या वाढवायचे. विचारून घेतलं होतं ना त्यांनी, अंदाजाने थोडंच वाढवत होते. मुलग्यांना दमणूक जास्त म्हणून विश्रांती जास्त, मुलींना कमी म्हणून सराव जास्त, असा त्या मैदानाचा कायदा झाला. मला हसूही यायचं आणि रडूही, आणि दोन्ही करायला दम शिल्लक नसायचा.

सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची असंही त्यांनी शिकवलं होतं. रात्री शरीर किती सावरलं ते त्यावरून कळतं म्हणे. दादा उताणा पडून, मनगटावर बोटं ठेवून, डोळे मिटून मोजायचा, आणि आई त्याच्याकडे कौतुकाने बघायची. आमच्याकडे मुलगी उठते ती उभीच राहते. मला नाडीची आठवण यायची ती विहिरीवरून दुसरी खेप आणून हंडा खाली ठेवल्यावर, आणि तेव्हा मोजली तर आकडा असा यायचा की सरांनी डॉक्टरकडे पाठवलं असतं. मग मी दादाचा आकडा विचारून घ्यायची आणि त्याच्यापेक्षा थोडा कमी करून सांगायची. सर खूष व्हायचे. माझं शरीर फार लवकर सावरतं असं त्यांचं मत झालं होतं.

दादाविषयी कोणी वाईट समजू नये. संध्याकाळी आम्ही दोघं सड्यावरून एकाच घाटीच्या वाटेने खाली उतरायचो. तो पडवीत जाऊन आडवा व्हायचा, मी गुरांचं गवत आणायला वळायची. आई त्याच्यासाठी अंडं उकडायची. अंडं एकच असायचं आणि ते त्याचंच असणार हे मलाही पटलेलं होतं. टायफॉइडमध्ये तो इतका वाळला होता की आई त्याला कडेवर घेऊन परसात न्यायची, बारा-तेरा वर्षांच्या मुलाला. रात्ररात्र ती त्याच्या उशाशी बसलेली मी बघितली होती. तो वाचला तेव्हापासून तो धावतोय, हसतोय, खातोय, हे तिला रोज नव्याने बघायचं असायचं. अशा आईवर रागवायचं तरी कसं? मी रागवायची, नाही असं नाही. पण तो राग मनात धड उभा राहायचा नाही.

गणपती गेले आणि जिल्ह्याच्या स्पर्धा लागल्या, रत्नागिरीला. ते दिवस शेतीत जरा निवांत असतात, भाताची बेणणी, म्हणजे तण काढणं, झालेली असते आणि कापणीला वेळ असतो. आदल्या दिवशी आम्हाला एका शाळेच्या वर्गात उतरवलं आणि संध्याकाळी सर सगळ्यांना मांडवीच्या समुद्रावर घेऊन गेले. आम्हाला ओळीने गुडघाभर पाण्यात उभं केलं. खारं पाणी पायाची दमणूक ओढून घेतं, असं ते म्हणाले. मुलींनी स्कर्ट मुठीत धरलेले, मुलगे एकमेकांवर पाणी उडवतायत, आणि मी आपली शहाण्यासारखी उभी, पायातून काय काय निघून जातंय ते जाणवतंय का बघत. लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकायची. मला खूप बरं वाटत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी सवयीने उठून ताटं गोळा करायला लागले. स्वयंपाकाला एक बाई ठेवली होती, ती म्हणाली, "बस गो बाय, तू धावाक आलंस ना." मी बसले. हात रिकामे कुठे ठेवायचे कळेना. मग झोपले ती थेट सकाळी बाहेरच्या गडबडीने जागी झाले. कोणी हाक मारली नव्हती, पाणी कोणी दुसऱ्याने भरलं होतं.

त्या दिवशी मी जी धावले, तशी आधी कधी धावले नव्हते. दुसऱ्या फेरीत मागे वळून बघितलं तर मागच्या मुलींची तोंडंसुद्धा ओळखू येईनात, इतक्या त्या लांब होत्या. माझे पाय माझे नव्हतेच, कोणीतरी मला नवीन आणून दिले होते. दादा त्याच्या शर्यतीत दुसरा आला. जिल्ह्यातून पहिले दोघे विभागाला जाणार होते, कोल्हापूरला, म्हणजे आम्ही दोघंही.

परतीच्या एसटीत सरांनी आम्हाला आपल्या पुढच्या बाकावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. त्यांच्या कोल्हापूरकडे एक कॉलेज होतं, तिथले खेळाचे शिक्षक त्यांचे मित्र. राज्याच्या स्पर्धेत धावलेल्या मुलाला किंवा मुलीला तिथे अकरावीला घेत, वसतिगृहासकट. मुलींचं वसतिगृह वेगळं होतं. विभागात पहिल्या दोघांत आलं की राज्याला जायचं, एवढंच काय ते. आमच्या गावची शाळा दहावीला संपायची. पुढे शिकायचं तर रत्नागिरीत राहायला हवं, आणि तिथे आमचं कोणी नव्हतं. गावातल्या मुली दहावी झाल्या की झाल्या. म्हणजे आता माझी अकरावी त्या एका शर्यतीत होती, दोन फेऱ्यांत. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि सर पुढे काय बोलले ते मी ऐकलं नाही.

मी जिंकले ती मांडवीच्या पाण्यामुळे, अशी माझी खात्री पटली होती. रात्रभर झोपले होते, काम केलं नव्हतं, हे मनात आलंच नाही. काम न करणं ही काही करण्याची गोष्ट असते का? घरी आल्यावर मी घमेल्यात पाणी घेतलं, त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं आणि न्हाणीपाशी पाय बुडवून उभी राहिले. आईने बघितलं. आधी तिला वाटलं मला काही चावलं. कारण कळल्यावर म्हणाली, "मिठाचे काय झाड हाय काय आपल्याकडं?" आणि ते पाणी माडाच्या बुंध्यात ओतायला लावलं. माडाला मीठ चांगलं, त्यामुळे फुकट गेलं नाही.

कोल्हापूरच्या स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे होत्या आणि आमची कापणीही तेव्हाच. सरावाच्या दिवसांत तरी माझी संध्याकाळ सुटलेली असायची. "सरांनी बोलावलंय" म्हटलं की आई काही बोलायची नाही, शाळेतल्या माणसाचा शब्द तिला मोठा होता. मी शाळेत जायची, मग मैदानावर, आणि अंधार पडताना घरी यायची. तेवढा वेळ शेत माझ्या वाट्याला येत नसे. माझी विश्रांती कुठे असेल तर ती त्या धावण्यातच होती.

आणि मग सरांनी आराम दिला. स्पर्धेआधीचे शेवटचे दिवस सराव पूर्ण बंद, शाळेलाही सुटी लागली होती. सगळ्यांना गोलात बसवून त्यांनी समजावलं की ताकद सरावाने येत नाही, सरावानंतरच्या आरामाने येते. धावताना शरीर मोडतं आणि झोपेत ते पुन्हा बांधलं जातं. "घरी जा. पाय भिंतीला लावून पडा. खा आणि झोपा. माझ्या डोळ्यांना मैदानावर दिसू नका." मुलग्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर मी सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, मला आराम नको. सराव चालू ठेवा." ते हसले. मी पुन्हा म्हटलं, "मी एकटी येते. रोज येते, सर. संध्याकाळीच." आता सांगावं लागणार होतं की का. का ते सांगायचं म्हणजे माझी आई मला राबवते असं एका परक्या पुरुषाला सांगायचं. ते खरं होतं आणि खोटंही होतं, कारण आई स्वतः माझ्या दुप्पट राबत होती. आणि सर घरी येऊन तिला चार गोष्टी ऐकवून गेले असते तर तिने त्यांच्यापुढे मान हलवून त्यांच्या पाठीमागे माझं धावणंच बंद करून टाकलं असतं. मी पुन्हा तेवढंच म्हटलं, "आराम नको, सर." सरांनी दूर गेलेल्या मुलांना हाक मारून परत बोलावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगितलं, "हिच्याकडनं शिका. हिला विश्रांतीसुद्धा नको आहे." मग मला म्हणाले, "पण ऐकायचं. आराम म्हणजे आराम." मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी हसले.

घरी दादाने आधीच सगळं सांगितलं होतं. आईने त्याचं अंथरूण पडवीत घातलं, जिथे वारा येतो. त्याचे पाय भिंतीला लावलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "सरांनी आराम दिलाय त्याला. मोडेल तो नायतर." मी म्हटलं, "आये, मला पण दिलाय." ती विळा शोधत होती. "होय तर," ती म्हणाली, "म्हणजे मोकळीच आहेस ना आता? बरा झाला. मी एकटी कुठं कुठं पुरी पडू?" तिला माझं म्हणणं कळलं नाही असं नव्हतं. तिच्या लेखी मुलीची विश्रांती म्हणजे शाळा नसणं, मैदान नसणं. घरातलं आणि शेतातलं ते काम. त्याने कोणी दमतं होय?

मी कापणीला वाकले. दिवसभर वाकायचं, पेंढ्या बांधायच्या, उन्हं उतरली की भारे डोक्यावर घेऊन खळ्यावर आणायचे. आमचे शेताचे तुकडे पऱ्याच्या पलीकडे, चढावर. रात्री पाठ टेकली की मांड्या आपोआप उडायच्या. मी मनातल्या मनात शर्यत धावून बघायची. सुरुवात छान व्हायची, पण शेवटच्या वळणापर्यंत मला झोप लागून जायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. कापून पसरलेलं भात तसंच शेतात होतं. ते भिजलं तर काळं पडतं, मोड येतात, वर्षाचं खाणं जातं. आई पळत सुटली, मी तिच्या मागे. भारा आणून टाकायचा आणि परत पळायचं. तेवढ्यात सर आले. आम्हा दोघांसाठी शाळेच्या नावाचे बनियन घेऊन आले होते. मी भारा घेऊन चढ उतरत होते, भाऱ्याखालून मला आधी त्यांचे बूट दिसले. भारा टाकून मी सरळ उभी राहिले. सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी पडवीकडे बघितलं. दादा भिंतीला पाय लावून पडलेला होता आणि सरांना बघून उठून बसत होता.

"अगं, तुला मी..." एवढंच सर म्हणाले. तोवर आई आली. पदर सावरत तिने सरांना बसायला सांगितलं. सर बसले नाहीत. म्हणाले, "ताई, पोरीलाही आराम हवा होता. तिची उद्याच्याला गाडी आहे, परवा शर्यत."

"होय सर," आई म्हणाली. "पण ती दमायची नाय. तिला सवय हाय. ह्या पोराचाच जीव तेवढा लहान." बोलताना ती आभाळाकडे बघत होती. तिच्या बोटाला विळा लागला होता, त्यावर चिंधी बांधलेली, आणि चिंधीतून रक्त आलेलं होतं. सरांनी ते बघितलं हे मी बघितलं. कुणाला काय सांगणार होते ते?

त्यांनी पॅन्टचे पाय दुमडले, बूट पडवीत काढले आणि आमच्याबरोबर निघाले. देशावरच्या माणसाला भाताचा भारा कुठला येतोय. त्यांनी उचललेला पहिला भारा अर्ध्या वाटेत सुटला. आई शरमेने अर्धी झाली. शाळेतला सर आपल्या शेतात चिखल तुडवतोय, उद्या गाव काय म्हणेल? "सरांच्या डोकीवर नको गो, तू घे, तू घे आधी," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि सरांच्या वाट्याला कमी यावं म्हणून मी आणखी जोरात पळत होते. सरांनी मदत केली त्या दुपारी मी सगळ्यात जास्त दमले.

मध्येच दादा पडवीतून उतरला. त्याला लाज वाटली असणार, सर राबतायत आणि आपण पडलोय. "मी येतो," तो म्हणाला. आई ओरडणार एवढ्यात सर थांबले. त्यांनी घाम पुसला. आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत, मैदानावर शर्यतीआधी बघायचे तसं. मग दादाकडे वळून म्हणाले, "तू पड. उठू नकोस."

दादा परत पडवीत गेला. मी भारा उचलला. माझी अकरावी गेली ती त्या दुपारी, कोल्हापूरच्या शर्यतीत नाही. सर निर्दय नव्हते. त्यांच्यापुढे दोघं होती, त्यातला एक अजून शाबूत होता, आणि त्यांनी तो राखला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला तेव्हाही कळलं, आणि कळलं म्हणून काही कमी लागलं नाही.

भात सगळं आत आलं. पाऊस आलाच नाही, आभाळ तसंच निघून गेलं. सरांना पऱ्यापर्यंत पोचवायला मी गेले. चालता चालता ते म्हणाले, "दोघांपैकी एक तरी..." मी "होय सर" म्हटलं.

कोल्हापूरच्या मैदानावर फक्कीच्या रेघा इतक्या पांढऱ्या होत्या की त्यांच्यावर पाय द्यायला जिवावर यायचं. माती मऊ. मी पहिली फेरी पुढे होते. दुसरीतही अर्ध्यापर्यंत पुढे होते. मग शेवटच्या वळणावर पाय ओल्या पोत्यासारखे झाले. मन पळत होतं, छाती पळत होती, पाय येत नव्हते. एक गेली, दुसरी गेली. दुसरी जाताना मी तिच्याकडे बघितलं, तिच्या कपाळाला टिकली होती आणि ती ओठ चावत होती. तिच्या मागून आणखी दोघी गेल्या. मी पाचवी आले. सरांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लई चांगली पळालीस." त्यांनी मला बोलायला हवं होतं, निदान एकदा तरी रागावायला हवं होतं. दुपारी दादा दुसरा आला. तो असा धावला की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली, आणि ती मनापासून मारली.

येताना आंबा घाटात दादा माझ्या शेजारी बसला होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू माझ्यापेक्षा चांगली धावतंस." मी म्हटलं, "झोप गप." तो खरंच झोपला, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, आणि मी खांदा हलवला नाही.

आईने दादासाठी देवाला नारळ दिला. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "जाव दे बाय. पुढच्या वर्षी." शाळा दहावीला संपते आणि मला पुढचं वर्ष नाही, हे तिला माहीत नव्हतं की माहीत असून ती बोलली, ते मी कधी विचारलं नाही. ती शाळेत कधी गेलीच नव्हती.

दादा राज्याला धावून आला. दहावीला आम्ही दोघंही पास झालो, मला त्याच्यापेक्षा मार्क जास्त होते. सरांनी त्यांच्या मित्राकडे माझ्याबद्दलही शब्द टाकून बघितला, पण मित्राचेही नियम होते. जूनमध्ये दादा निघाला. वडिलांनी मुंबईहून गाववाल्याबरोबर एक नवी ट्रंक पाठवली होती, हिरव्या रंगाची, वर त्याचं नाव रंगवलेली. आईने त्यात तांदळाची, कुळथाची पुरचुंडी, फणसाचे पापड असं काय काय कोंबलं. एसटी वर सड्यावरच्या रस्त्याला थांबायची. निघताना दादाने ट्रंकेची कडी धरली तर आई म्हणाली, "तू नको. तुला दिवसभर गाडीत बसायचाय, दमशील. ती घेईल."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि त्याला म्हटलं, "हात लाव."

ट्रंक जड होती, पण भाऱ्याहून जड नव्हती. घाटी मला पाठ होती. अर्ध्यावर आई धापा टाकत एका दगडावर टेकली आणि दादा तिच्यासाठी थांबला. मी थांबले नाही. वर पोचले तेव्हा माझा श्वाससुद्धा चढला नव्हता. वळणावरून एसटी येताना दिसली. ती थांबली, कंडक्टरने दार उघडलं आणि डोक्यावर ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या मला म्हणाला, "चल लवकर, चढ. कुठं जायचंय तुला?"

"मी नाही," मी म्हटलं, "तो मागून येतोय. थांबा जरा."